अळी मारण्यापूर्वी

पावसाळ्याचे दिवस आले की परसातल्या झाडांवर अळ्या दिसू लागतात. अळी दिसली की आपला हात आपोआप चपलेकडे, नाही तर फवारणीच्या पंपाकडे जातो. आज मला तुम्हांला एवढेच सुचवायचे आहे, की तो हात थोडा थांबवावा. कायमचा नव्हे, महिना-सव्वा महिना, आणि तोही एखाद-दुसऱ्या अळीपुरता. त्या महिन्यात काय करायचे, कसे करायचे आणि त्यातून आपल्या पदरात काय पडते, ते सांगण्यासाठी मी आलो आहे.

आधीच एक कबुली देतो. मी शास्त्राचा प्राध्यापक नव्हे. एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. अळ्यांच्या नादी मी लागलो तो आमच्या आईच्या तगरीमुळे.

आमच्या परसात तगरीचे जुने झाड आहे. आईच्या देवपूजेची फुले त्याचीच. काही वर्षांमागे श्रावणात एके सकाळी ती परडी घेऊन गेली आणि रिकामीच परत आली. "अरे, झाड बघ जाऊन. शेंड्याला पान राहिलं नाही," म्हणाली. जाऊन पाहतो तो शेंडे खरोखरच बोडके. खाली फरशीवर मिऱ्यांसारख्या काळसर लेंड्यांचा सडा. झाडावर मात्र काहीच दिसेना. मी बादलीत पाणी घेतले, औषधाची बाटली उघडणार, तोच चौथीतली धाकटी मुलगी ओरडली, "बाबा, ही बघा, सापडली!"

बोटाएवढी जाड, हिरवीगार अळी. डहाळीला उलटी चिकटून बसलेली. बाजूंनी पांढऱ्या ठिपक्यांची रेघ, शेपटीशी एक आखूड पिवळसर शिंग. मुलीने काडीने जरा डिवचले, तशी तिने डोके आत ओढले, मान फुगवली, आणि दोन निळे डोळे आमच्यावर वटारले. मी चक्क दोन पावले मागे सरलो. ते खरे डोळे नव्हेत, मानेमागचे नुसते ठिपके. पण मी एवढा शिकलेला माणूस फसलो, तर चिमण्या-पाखरे फसत असतील यात नवल ते काय!

मुलीने विचारले, "ही मोठी झाल्यावर कोण होते?"

मी म्हणालो, "फुलपाखरू होत असेल."

"असेल म्हणजे?"

श्रोतेहो, परीक्षेच्या पेपरात 'असेल' लिहिणाऱ्याला आम्ही गुण देत नाही. मी औषधाची बाटली परत फळीवर ठेवली. झाडावरच्या बाकीच्या सात-आठ अळ्या वेचून ओढ्याकाठच्या कण्हेरीवर नेऊन सोडल्या, कारण तगर आणि कण्हेर ही दोन्ही त्यांची खाद्ये. एक तेवढी घरात ठेवली.

ती अळी आमच्या हातून मेली. हेही सांगितले पाहिजे. काचेची बरणी घेतली, भरपूर ओली पाने कोंबली, झाकण घट्ट लावले आणि सगळ्यांना दिसावी म्हणून बरणी खिडकीत ठेवली. सकाळचे ऊन आले, आत वाफ धरली, आणि संध्याकाळी अळी काळी पडून लोंबत होती. मुलगी जेवली नाही. दुसरी आणली. ती नीट वाढली. पण पंधरा-वीस दिवसांनी तिचा हिरवा रंग जाऊन ती काळपट-तपकिरी झाली, खाईना, आणि डब्यात नुसती फिरू लागली. आई म्हणाली, "अरे, गाय व्यायच्या आधी अशीच जागा शोधत फिरते." मी हसलो, रोग लागला असे ठरवले आणि ती उचलून उकिरड्यावर टाकली. पुढे कळले, आईचेच बरोबर होते. ही अळी कोशात जाण्याआधी असाच रंग बदलते आणि झाडावरून उतरून पाचोळा शोधते. तिसऱ्या अळीने मात्र आम्हांला सगळे दाखवले.

आता थोडे शब्दांविषयी. आपण अंगावर केस असलेल्या अळीला सुरवंट म्हणतो आणि गुळगुळीत असली तर नुसती अळी. दोन्ही अवस्था एकच. अंडे, अळी, कोश आणि पंख फुटलेला कीटक असे हे चार टप्पे. पंख फुटल्यावर दिवसा फिरणारे ते बहुधा फुलपाखरू, रात्री दिव्यावर येणारा तो बहुधा पतंग. 'बहुधा' म्हणतो, कारण दिवसा उडणारे पतंगही आहेत. नक्की खूण पाहायची तर डोक्यावरच्या मिशा पाहाव्या. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला काडेपेटीच्या काडीसारखी गुंडी असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी, नाही तर पिसासारखी. आणि हे ध्यानात ठेवा, की पतंगांच्या जाती फुलपाखरांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. परसात सापडलेली अळी पतंगाची निघण्याचाच संभव जास्त.

आता अळी शोधायची कशी? वर पाहू नका; आधी खाली पाहा. झाडाखालच्या ताज्या लेंड्या हा पहिला पुरावा. त्यांच्या सरळ वर कुरतडलेली पाने शोधा, आणि पाने उलटून मागची बाजू पाहा. दिवसा सापडली नाही तर रात्री बॅटरी घेऊन जा; पुष्कळ अळ्या अंधारातच चरतात. कोणत्या झाडावर कोण, हे एकदा कळले की शोध सोपा होतो. तगर, कण्हेर, सदाफुली यांवर आमची ही निळ्या डोळ्यांची. तीळ, वांगी, पारिजातक यांवर शिंगवाली दुसरी मोठी अळी मिळते. तिचा जो पतंग होतो त्याच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखे चित्र असते. हातात धरला तर तो चक्क चीं चीं ओरडतो, आणि मध खाण्यासाठी मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो. अळूच्या पानावर शिंगवाल्यांपैकीच आणखी एक. एरंडावर अंगाची कमान करून चालणारी उंटअळी. गुळवेलीवरच्या अळीची गोष्ट पुढे सांगतो.

शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसणारे केसाळ सुरवंट तुम्ही सर्वांनी पाहिले असतील. त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांचे केस अंगात रुततात, गांधी उठतात, डोळ्यात गेले तर फार त्रास होतो. पाळण्यासाठी केसाळ अळी घेऊच नये, निदान मुलांच्या हाती देऊ नये. हा नियम मोडू नका.

पाळण्याचे साहित्य घरचेच. तोंड मोठे असलेला डबा किंवा लहानशी कुंडी घ्यावी. तोंडाला जुन्या धोतराचे नाही तर मलमलीचे फडके दोऱ्याने बांधावे. म्हणजे हवा खेळते आणि अळी बाहेर पडत नाही. तळाशी वर्तमानपत्राचा कागद ठेवून तो रोज बदलावा. लेंड्या साठल्या की बुरशी येते. पाने ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची, रोज ताजी, आणि कोरडी करून घातलेली. औषध मारलेल्या झाडाची नकोत. अळीला पाण्याची वाटी लागत नाही. पानातला ओलावा तिला पुरतो. डहाळी पाण्याच्या बाटलीत उभी करायची असेल तर बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाही तर अळी उतरून पाण्यात बुडते. डबा उन्हात ठेवू नये. ज्या खोलीत डासांची अगरबत्ती लावता, तिथेही ठेवू नये. मुंग्यांचा उपद्रव असेल तर डबा पाणी भरलेल्या परातीत विटेवर ठेवावा. आपले धान्याचे पिंप आपण असेच ठेवत होतो की नाही!

अळी बोटांनी उचलू नये. ती ज्या पानावर असेल ते पानच उचलावे. अधूनमधून ती खाणे सोडून एक-दोन दिवस स्वस्थ बसेल. घाबरू नका, ती कात टाकण्याच्या तयारीत असते. वाढ एवढी झपाट्याने होते की कातडी पुरत नाही. रेशमाच्या किड्याचे वजन अळीपणाच्या महिन्याभरात सुमारे १०,००० पट वाढते, असे मोजलेले आहे. आपले मूल त्या मानाने वाढले असते तर घराची भिंतच पाडावी लागली असती!

रंग तपकिरी झाला की डब्यात चार बोटे भुसभुशीत माती आणि वर सुका पाचोळा घालावा. आमची तिसरी अळी त्यात शिरली आणि रेशमाच्या चार धाग्यांनी पाचोळा जुळवून आत बसली. त्यानंतर खणून पाहण्याचा मोह फार होतो. तो आवरावा. दोन-तीन दिवसांनी वरच्या वर पाण्याचा हलका शिपका द्यावा, आणि एक खरखरीत काडी तिरपी उभी करून ठेवावी. ती काडी विसरू नका. बाहेर आलेल्या पतंगाला ओले पंख पसरण्यासाठी कशाला तरी लटकावे लागते. जागा मिळाली नाही तर पंख वाकडेच वाळतात आणि तो जन्माचा पांगळा होतो.

पंधरा-सोळा दिवस काहीच घडले नाही. आई रोज विचारी, "तुझा समाधिस्थ उठला का?" एका रात्री जेवणानंतर फडक्याखाली खसखस ऐकू आली. दिवा घेऊन पाहिले तर काडीवर एक लहानसा, ओला, चुरगळलेला जीव लटकत होता. पंख नखाएवढे. आम्ही चौघे भोवती बसलो. पाहता पाहता ते पंख उतरू लागले, जणू घडी घातलेले लुगडे कोणी हलक्या हाताने उलगडीत आहे. गर्द हिरवा, पोपटी, मध्ये गुलाबी आणि पांढऱ्या पट्ट्या. पसरलेल्या पंखांची लांबी ९ ते ११ सेंटीमीटर भरते. किती तरी वेळ तो तसाच राहिला. मग पंख थरथरू लागले. थंडीने नव्हे, उडण्याआधी अंग तापवून घेण्याची ती त्याची रीत. आम्ही फडके काढले. तो उठला, कंदिलाला एक फेरी घातली आणि अंधारात दिसेनासा झाला. मुलीने वहीत लिहिले, "ही मोठी झाल्यावर हिरवा पतंग होते." 'असेल' गेले होते.

आता कोणी म्हणेल, हा पोरखेळ झाला. तर एक जुनी हकीकत ऐका. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी १६४७ साली मारिया सिबिला मेरियान नावाची मुलगी जन्मली. त्या काळी किडे चिखलातून आणि कुजक्यातून आपोआप उपजतात, असे पुष्कळ लोक मानीत. या मुलीने तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळले आणि मग मिळेल तो सुरवंट घरी आणून वाढवला. १६७९ साली तिने सुरवंटांवर पुस्तक काढले. एकेका चित्रात झाड, अळी, कोश आणि पंखवाला कीटक एकत्र दाखवले. पुढे १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला बरोबर घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, आणि तिथल्या किड्यांचा मोठा ग्रंथ तिने १७०५ साली प्रसिद्ध केला. कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसताना केवळ पाळून पाहिल्यामुळे तिला जे कळले, ते ग्रंथ उलटणाऱ्या कित्येकांना कळले नव्हते.

आपल्याकडेही असाच एक समज आहे. कुंभारीण माशी भिंतीवर मातीचे घर बांधते, त्यात अळी आणून कोंडते, आणि काही दिवसांनी त्यातून नवी कुंभारीण बाहेर पडते. यावरून अळी माशीचे ध्यान करता करता माशीच होते, असा दृष्टान्त संतांनी दिला, तोच कीटकभृंगन्याय. दृष्टान्त म्हणून तो अप्रतिम आहे, आणि भक्तीचा विषय त्याने जसा समजतो तसा दुसऱ्या कशाने समजणार नाही. पण ते घर मध्येच उघडून पाहिले तर वेगळेच दिसते. माशीने नांगी मारून अळी लुळी केलेली असते आणि शेजारी स्वतःचे अंडे घातलेले असते. अंड्यातून निघालेले पिल्लू अळी खाऊन वाढते. उपमा उपमेच्या जागी खरी, पाहणी पाहणीच्या जागी.

आणि इथेच, शेतकरी बंधूंनो, तुमचा संबंध येतो. आमच्या एका अळीच्या पाठीवर एकदा तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे उगवले. आम्हांला वाटले, हिने अंडी घातली. अळी कधीच अंडी घालत नाही, हे तेव्हा सुचले नाही! चार-सहा दिवसांनी त्या दाण्यांतून मुंगीहून बारीक गांधीलमाश्या उडाल्या आणि अळी वाळून गेली. ते दाणे म्हणजे त्या माश्यांचे कोश. अशा माश्या कोणतेही पैसे न घेता शेतातल्या अळ्या मारीत असतात. अळ्यांची अंडी नासवणाऱ्या ट्रायकोग्रामा नावाच्या त्यांच्या भाऊबंदांची कार्डे तर आता विकत मिळतात. पाठीवर पांढरे दाणे असलेली अळी दिसली तर ती चिरडू नका, आणि तिच्यावर औषधही मारू नका. शत्रूबरोबर आपण आपलाच शिपाई मारतो.

आता गुळवेलीची गोष्ट. संत्री-मोसंबी पिकायला आली की रात्री येऊन फळाला सोंडेने भोक पाडणारा आणि रस शोषणारा पतंग बागाईतदारांना ठाऊक आहे. फळ सडते, गळते. पण त्याची अळी संत्र्याच्या झाडावर कितीही शोधा, सापडणार नाही. कारण ती राहते कुंपणावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. बागेजवळच्या या वेली काढाव्या, असे कृषितज्ज्ञ सांगतात, त्याचे मर्म हे आहे. ज्याने ही अळी एकदा पाळली, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. आणि ती पाळलीच, तर बागेच्या आसपास पतंग सोडू नये, हेही तोच ओळखतो.

तिसरे उदाहरण. कोशातून निघालेली मादी पिंजऱ्यात ठेवली तर रात्री कुठून कुठून नर येतात. फ्रान्समधल्या फाब्र नावाच्या शिक्षकाने आपल्या घरी जाळीखाली एक मादी ठेवली, तर पहिल्याच रात्री चाळीसएक नर खोल्याखोल्यांतून घिरट्या घालू लागले. तिच्या अंगच्या सूक्ष्म गंधाने ते ओढले जातात. हा गंध कोणता, ते १९५९ साली बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञाने रेशमाच्या सुमारे पाच लाख पतंगांपासून वेगळे काढून दाखवले. आज कापसाच्या रानात बोंडअळीसाठी आपण जे कामगंध सापळे टांगतो, ते याच गोष्टीवर चालतात.

२०१८ साली अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात शिरली आणि मक्यात घुसली. तिच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतात. ज्याला अळी निरखायची सवय होती त्याने ती आधी ओळखली. ज्याला नव्हती त्याने मिळेल ते औषध फवारले. त्याआधी, २०१७ साली, यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती घरे आठवली की 'अळी दिसली, मार औषध' हे वाक्य मला उच्चारवत नाही. औषध कधी लागतच नाही, असे मी म्हणत नाही. पिकावरचा शत्रू ओळखून, मोजून, तोंड झाकून, सांगितल्या मापाने मारावे लागते तेव्हा मारावेच. पण ओळख आधी, औषध नंतर. बोटाएवढी वाढलेली अळी बहुधा चार-आठ दिवसांत आपणच खाली उतरणार असते. तिच्यासाठी परसातल्या फुलझाडावर विष ओतणे म्हणजे पाहुणा निघाल्यावर दार लावणे. आमच्या तगरीला महिन्याभरात पुन्हा पालवी फुटली आणि गौरीला आईची परडी भरली.

शेवटी शिक्षकांना दोन शब्द. गुरुजी, बाई, तुमच्या शाळेच्या आवारात तगर, सदाफुली, अळू यांपैकी काहीतरी असेलच. वर्गात एक डबा ठेवा. अळ्या एक किंवा दोनच, जास्त नकोत. मुलांकडून वही ठेवून घ्या: आज किती पाने खाल्ली, लांबी किती, कात कधी टाकली, रंग कधी बदलला. कण्हेरीचा आणि तगरीचा चीक विषारी, म्हणून पाने मोठ्यांनी तोडावी आणि मुलांनी हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावणे संपले असे समजू नये. पतंग निघाला की संध्याकाळी, जिथून अळी आणली तिथेच सोडावा. आणि अळी मेली तर लपवू नये. का मेली, ते मुलांबरोबर शोधावे. आमच्या घरी पहिली अळी मेली म्हणून तर तिसरी जगली. या वहीला गुण देऊ नका, परीक्षाही घेऊ नका.

श्रोतेहो, आमच्या घरी आता दर श्रावणात एक ठराव होतो. आई तगरीची उत्तरेकडची एक फांदी दाखवते आणि म्हणते, "ही तुमच्या अळीची. बाकीचं झाड देवाचं." उद्या सकाळी तुमच्या परसात झाडाखाली लेंड्या दिसल्या, तर पंप उचलण्यापूर्वी एक पान उलटून पाहा आणि घरातल्या मुलाला हाक मारा. तो विचारील, ही कोण होणार? ठाऊक नसेल तर तसे सांगा, आणि फडके नि डबा घेऊन या.